बोअरच्या पाण्याचा पूल ब्लीचिंग टाकल्यावर पांढराफटक, काय करावं? (सोरेगाव, सोलापूर)

सोरेगावकरीण

नमस्कार. विजापूर रोडला, सोरेगावच्या अलीकडे आमचं घर आहे. मागे छोटा पूल बांधलाय. २८ बाय १४ फूट, सरासरी ४ फूट खोल, आतून निळ्या टाइल. बोअरने भरतो, उन्हाळ्यात बोअर दम टाकायला लागला की टँकर. तीन वर्षं काही त्रास नव्हता. फ्लोटरमध्ये क्लोरीनच्या पांढऱ्या गोळ्या टाकायच्या (डब्यावर टीसीसीए ९० लिहिलंय), संध्याकाळी पंप लावायचा, विषय संपला.

मार्चअखेर पाण्याला हिरवट झाक आली. दुकानदार म्हणाला, शॉक द्या, पाच किलो ब्लीचिंग पावडर. रात्री बादलीत कालवून टाकली. सकाळी बघते तर पाणी तांदळाच्या धुवणासारखं. परत दुकानात. म्हणे पीएच बिघडलाय, धुण्याचा सोडा टाका. दोन किलो टाकला, आणखीच पांढरं. मग शेजारच्या काकांचं ऐकून एक किलो तुरटी कुटून टाकली आणि पंप रात्रभर चालू ठेवला. तळाला काही म्हणजे काही बसलं नाही.

आत्ताची स्थिती सांगते. पायऱ्या चार आहेत, दुसरीच्या खालचं दिसत नाही. पाण्याच्या रेषेला पांढरा पट्टा आलाय, टाइलला हात लावला की खरखरीत लागतं. टेस्ट किट दोन बाटल्यांचं आहे. पिवळ्याचा (क्लोरीनचा) रंग गडद नारिंगी येतो आणि लाल थेंबांचा (पीएचचा) एकदम जांभळा, तो तर तक्त्यात नाहीच. सँड फिल्टरचा दाबाचा काटा १२ वर असायचा, आता २२ दाखवतो.

मे महिन्यात नणंदेची मुलं पुण्याहून येतात, ती पूलसाठीच येतात म्हणा ना. पूल रिकामा करावा का, की अजून काही टाकायचं राहिलंय?

जुळेसोलापूर७

ताई, सरळ रिकामा करा, घासून घ्या, टँकर बोलवा. दोन दिवसांत मोकळ्या. आमच्या साहेबांच्या फार्महाऊसवर दरवर्षी तेच करतात.

डाईंगवाला अण्णा

रिकामा करू नका ताई. साहेबांचं साहेबांना लखलाभ.

तुमच्या मापाचा पूल म्हणजे ४४ हजार लिटर. दहा हजारी साडेचार टँकर. तो टँकरवाला पाणी आणणार कुठून? दुसऱ्या कुणाच्या तरी बोअरमधूनच, त्याच काळ्या पाषाणातलं. म्हणजे पैसे देऊन तोच आजार परत विकत घ्यायचा. शिवाय एप्रिलच्या उन्हात रिकाम्या पूलच्या टाइल तापून सुटतात, मग गवंडी शोधत बसा.

मी पूलवाला नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या डाईंगमध्ये आयुष्य गेलं, त्यातलं निम्मं पाण्याशी भांडण्यात. पाणी जड असलं की रंग डागाळतो, लॉट रिजेक्ट होतो आणि मालक आपल्याकडे बघतो. त्यामुळे सोलापूरच्या बोअरचं पाणी मी नात्यातल्या माणसासारखं ओळखतो. ज्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही आणि गिझरची कॉइल दर वर्षी बदलावी लागते, त्या पाण्याने तुम्ही पूल भरलाय, एवढं आधी डोक्यात ठेवा.

आता झालं काय ते बघा. ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन असतो तीसेक टक्के, बाकी कॅल्शियमचे क्षार आणि चुना. तो पाण्यात पडला की पीएच वर जातो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट आधीच ठासून भरलेलं. पीएच चढला आणि वरून पाणी कोमट असलं, की दोघांचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. ते बारीक पांढरं भुकटीसारखं लोंबकळत राहतं. त्यावर सोडा म्हणजे कळसच. जड पाण्यातलं कॅल्शियम पाडायचं असेल तर कारखान्यात मुद्दाम सोडा टाकतात. तुमच्या दुकानदाराने तेच काम तुमच्या पूलमध्ये करून दाखवलं. तुरटीचंही तसंच. तिला पीएच साडेसहा ते साडेसातच्या आसपास लागतो. साडेआठच्या पाण्यात तिचे पुंजके धड धरत नाहीत, आणि धरले असतील ते तुमच्या चालू पंपाने फोडले.

पण हा माझा अंदाज झाला, अंदाजावर ॲसिड ओतायचं नाही. आधी एवढं करा. काचेच्या दोन सारख्या बाटल्या पूलच्या पाण्याने भरा. एकीत काही टाकू नका. दुसरीत पांढऱ्या व्हिनेगरचे दोन चमचे टाका आणि हलवा. दहा मिनिटांनी दोन्ही शेजारी ठेवून बघा. निवळलं तर चुना. तसंच राहिलं तर शेवाळ, माती, नाहीतर फिल्टरचा दोष, त्याचा रस्ता वेगळा.

शिवाय मासेवाल्या दुकानातून केएच आणि जीएचचं थेंबांचं किट आणा. केएच म्हणजे क्षारता, जीएच म्हणजे जडपणा. रंग बदलेपर्यंत किती थेंब लागले ते मोजायचे, त्याला १७.८ ने गुणलं की पीपीएम, म्हणजे दहा लाखांत किती भाग. पूलचं पाणी मोजा आणि बोअरचंही मोजा.

जांभळ्या रंगावर विश्वास ठेवू नका. क्लोरीन फार झाला की तो लाल थेंबांचा रंगच बदलून टाकतो. त्याच मासेवाल्याकडे क्लोरीन मारायचं औषध मिळतं, ते म्हणजे आमचं हायपो, सोडियम थायोसल्फेट. नमुन्यात त्याचा एक थेंब आधी टाका, मग लाल थेंब टाका. आणि क्लोरीन मोजताना एक भाग पूलचं पाणी, नऊ भाग आरओचं पाणी. जो आकडा येईल त्याला दहाने गुणा.

तोवर पूलमध्ये चिमूटभरही काही टाकू नका. फ्लोटर बाहेर काढून ठेवा.

सोरेगावकरीण

अण्णा, खूप आभार. आसरा चौकाकडच्या दुकानात किट मिळालं. दुकानातल्या पोराने विचारलं मासे कुठले, मी म्हटलं नणंदेचे.

बाटल्यांचं सांगते. व्हिनेगर टाकून हलवल्यावर आधी काचेला आतून बारीक बुडबुडे धरले, मग बघता बघता पांढरेपणा उतरला. मागे भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं पान धरून पाहिलं. व्हिनेगरच्या बाटलीतून तिथी आणि नक्षत्रसुद्धा वाचता आलं, दुसरीतून तारखेचा मोठा आकडादेखील नाही. पण निवळलेलं पाणीही अगदी स्वच्छ नाहीये. किंचित हिरवट, धुरकट काहीतरी राहिलंय.

आकडे:
पूल – केएच १६ थेंब, जीएच ३४ थेंब
बोअर – केएच १८, जीएच २२
पीएच हायपो टाकून – तक्त्याचा शेवटचा रंग ८.२ आहे, त्याच्याही थोडा पुढे
क्लोरीन – पातळ करून दीड, म्हणजे १५

बोअरपेक्षा पूलचं पाणी जास्त जड कसं? त्याच पाण्याने तर भरलाय.

डाईंगवाला अण्णा

शाबास. एवढं मोजून कुणी विचारलं की सांगायलाही बरं वाटतं.

जडपणा वाढला तो उन्हाने. ऊन पाणी नेतं, क्षार इथेच ठेवून जातं. एवढ्या पृष्ठभागावरून सोलापूरच्या उन्हाळ्यात रोज दोनशे लिटर तरी उडत असेल. तुम्ही तेवढं बोअरचं परत भरता, म्हणजे रोज नवा क्षार ओतता. तीन वर्षं हेच चाललंय. वरून पाच किलो ब्लीचिंगचा चुना.

तुमची क्षारता २८५, जडपणा ६०५. पूलला क्षारता ८० ते १२० आणि कॅल्शियम २०० ते ४०० बरं. जडपणा कमी करायला पाणी बदलण्यावाचून इलाज नाही, त्यामुळे तो आत्ता सोडून द्या. पीएच आणि क्षारता खाली आणली की तेच कॅल्शियम गुमान विरघळून राहतं. पाणी चुना सोडणार की खाणार हे कळायला कूलिंग टॉवरवाले लँगेलिअरचा हिशेब मांडतात. तुमचे आकडे, पीएच ८.४ आणि पाणी ३२ अंश धरलं तर तो अधिक १.८ च्या घरात जातो. शून्याच्या आसपास असला पाहिजे. पीएच ७.२ आणि क्षारता १०० केली तर जडपणा तोच राहूनही ०.२ वर येतो.

त्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड लागेल, ३० ते ३३ टक्क्यांचं, केमिकलवाल्याकडचं. संडास धुवायच्या बाटलीतलं नको, त्यात रंग आणि साबण असतो. ४४ हजार लिटरला क्षारता १० ने उतरवायला साधारण ९०० मिली पडतं. म्हणजे एकूण सोळा-सतरा लिटर. हा आकडा वाचून घाबरू नका आणि एकदम तर मुळीच ओतू नका, नाहीतर ओतलं तिथे पीएच फार खाली जाऊन टाइलच्या सांध्यांतलं सिमेंट खाईल.

सुरुवात दीड लिटरने. प्लास्टिकच्या बादलीत आधी अर्धी बादली पाणी, त्यात ॲसिड. उलट कधीच नाही. पंप चालू ठेवून खोल बाजूने कडेकडेने, पाण्याच्या जवळ हात नेऊन हळू सोडत चला. स्किमरमध्ये (वरचा कचरा ओढणाऱ्या खाचेत) ओतायचं नाही. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, आणि वारा पाठीकडून येईल असं उभं राहा. ब्लीचिंगची कालवलेली बादली या कामाला चुकूनही घेऊ नका. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, आणि तो घसा धरतो तेव्हा बोलायला वेळ देत नाही.

चार तासांनी पीएच बघा. ७.२ येईपर्यंत परत दीड लिटर. मग थांबा. फिल्टरचं पाणी पूलमध्ये परत येतं ती तोटी वरच्या दिशेला वळवा म्हणजे पृष्ठभाग खळबळेल. कार्बन डायऑक्साइड निघून जाईल आणि पीएच आपोआप ७.८ पर्यंत चढेल. चढला की पुन्हा ॲसिड. असं पीएचला खाली-वर करत करत क्षारता उतरत जाते. सात-आठ दिवस सहज जातील. घाई असणाऱ्यांनी बोअरवर पूल बांधू नये.

पंपवाला

अण्णांच्या केमिस्ट्रीत मी पडत नाही, बरोबरच आहे. मी पूलची देखभाल करतो, दोन गोष्टी सुटल्यात त्या सांगतो.

पहिली फिल्टरची. काटा १२ चा २२ झालाय म्हणजे वाळू गच्च भरलीय. स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८-१० ने वाढला की बॅकवॉश करायचा, म्हणजे वाळूतून उलटं पाणी सोडून घाण बाहेर काढायची, तुमचा आताच व्हायला पाहिजे होता. पंप बंद करूनच व्हॉल्व्हचा दांडा फिरवा, चालू पंपावर फिरवला की आतलं गॅस्केट जातं. बॅकवॉशवर दोन-तीन मिनिटं, बाजूच्या काचेत पाणी नितळ दिसेपर्यंत. मग अर्धा मिनिट रिन्सवर. रिन्स बहुतेक लोक गाळतात आणि मग फिल्टरमधूनच घाण परत आली म्हणून ओरडतात. ॲसिडचं काम चालू असेल तेवढे दिवस रोज काटा बघा. आणि पंप संध्याकाळी तास-दोन तास लावून भागत नाही. सगळं पाणी सहा ते आठ तासांत एकदा फिल्टरमधून फिरलं पाहिजे, या दिवसांत तर दोनदा.

दुसरी गोळ्यांची, आणि ही मोठी. टीसीसीएच्या गोळीत अर्ध्याहून जास्त सायन्युरिक ॲसिड असतं. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, म्हणून ३० ते ५० पीपीएम असावं. पण ते उडत नाही, संपत नाही, साठतच जातं. तुमच्या पूलला २०० ग्रॅमची एक गोळी म्हणजे अडीच पीपीएम. महिन्याला पाच गोळ्या धरल्या तरी आठ महिन्यांत शंभर. तुमची तीन वर्षं झाली. एवढं साठलं की क्लोरीन किटवर दिसतो, पण त्याचे हात बांधलेले असतात. मार्चमध्ये हिरवट झाक आली ती त्यामुळेच असणार. शंभर सायन्युरिक असेल तर क्लोरीन सात-आठ ठेवला तरच शेवाळ आवरतं, गोळ्यावाले बसतात दोन-तीनवर.

आणि गोळ्या व ब्लीचिंग एकाच मगाने काढू नका, एका कपाटात ठेवू नका. दोन्ही ओले होऊन एकत्र आले तर पेट घेतात. मी जळालेलं पंपघर पाहिलंय.

एक मात्र म्हणेन, अण्णा. आठ दिवस कशाला थांबायचं? पॉलीॲल्युमिनियम क्लोराइड टाकलं तर रात्रीत सगळं तळाला बसेल.

डाईंगवाला अण्णा

बसेल की. सकाळी व्हॅक्यूम करून काढाल, आणि पीएच साडेआठच राहिला तर संध्याकाळपर्यंत नवा चुना तयार. आमच्या ईटीपीला (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटला) आम्ही पॉली रोज टाकायचो, मला त्याचं वावडं नाही. पण आधी पीएच, मग पॉली किंवा तुरटी. हा क्रम सोडला की पैसे गटारात.

सायन्युरिकचं मात्र तुमचं शंभर टक्के खरं, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्याकडे कापड घरात ब्लीच होतं, तिथे उन्हाची भानगड नाही.

ताई, ते हिरवट राहिलंय ते जिवंत आहे की मेलेलं, ते बघून घ्या. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजा, पहाटे ऊन यायच्या आत परत मोजा. रात्रीतून एकापेक्षा जास्त उतरला तर आत काहीतरी खाणारं आहे. तेवढाच राहिला तर मेलेला गाळ आहे, तो तुरटीने निघेल.

सोरेगावकरीण

उशिरा लिहितेय, घरात लग्नाची गडबड होती.

ॲसिडचा पहिला हात फिरवला त्या संध्याकाळीच फरक दिसला, तिसरी पायरी वर आली. दुसऱ्या दिवशी पीएच पुन्हा आठला, तेव्हा पोटात गोळा आला, पण अण्णांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून गप्प राहिले. तोटी वर वळवल्यापासून मिस्टर म्हणतात कारंजं छान दिसतं, आता असंच ठेवू. बॅकवॉशच्या काचेतून पहिल्यांदा अक्षरशः चुनकळी गेली. काटा आता १४ वर आहे. केएच ७ थेंबांवर आलाय, म्हणजे १२५. पांढरा पट्टा मऊ झाला, नायलॉनच्या ब्रशने निघतो.

क्लोरीन रात्री आणि पहाटे सारखाच आला, म्हणजे मेलेलंच. पाणी आता पांढरं नाही, धुरकट आहे. खोल बाजूची जाळी दिसते पण तिच्या फटी मोजता येत नाहीत. तुरटी आता टाकू ना? आणि पंपवाले दादा, व्हॅक्यूम नेमका कसा करायचा? शिवाय बॅकवॉशचं एवढं पाणी रस्त्यावर सोडायला जीव होत नाही, नारळांना घातलं तर चालेल का?

पंपवाला

हो, आता टाका. पाऊण किलो तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून, खडे राहू द्यायचे नाहीत. दांडा रीसर्क्युलेटवर ठेवा म्हणजे पाणी फिल्टरला वळसा घालून फिरेल. अर्धा तास फिरवा, मग पंप बंद. कुणीही रात्रभर पाण्यात हात घालायचा नाही. सकाळी तळाला करड्या रंगाची साय दिसेल. दांडा वेस्टवर टाकून व्हॅक्यूम करा. फिल्टरवर ठेवून केलात तर सगळी साय परत वाळूत. व्हॅक्यूमचं तोंड एकदम हळू सरकवायचं, ढग उठला की थांबायचं. यात दोन-तीन हजार लिटर जाईल, ते धरून चाला. तेवढंच सायन्युरिकही जाईल.

डाईंगवाला अण्णा

बॅकवॉशचं पाणी टाकीत धरा, हायपो टाकून क्लोरीन मारा, मग नारळाला खुशाल घाला, नारळ खारं सोसतो. गुलाब, मोगरा, कढीपत्ता यांना नको. तुरटीची साय मात्र कुठल्याच झाडाला नको.

आता पुढचं. गोळ्या बंद. त्याऐवजी पातळ सोडियम हायपोक्लोराइट, दहा टक्क्यांचं. तुमच्या पूलला एक लिटर टाकलं की क्लोरीन सव्वादोनने चढतो. संध्याकाळी टाकायचं. कॅन छोटा आणि ताजा घ्या, सावलीत ठेवा. आमच्याकडे मे महिन्यात उन्हात राहिलेल्या कॅनमधला क्लोरीन मोजला की निम्म्यावर आलेला असायचा आणि सप्लायर वर बोट दाखवायचा.

पाणी बदलायचंच तर जूनमध्ये. गच्चीचा पाइप पूलकडे वळवून ठेवा. पहिला पाऊस धूळ धुवून जाऊ द्या, मग जोडा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पडला की २,३०० लिटर, आणि ते पाणी जडपणाशिवायचं. तिसरा हिस्सा म्हणजे १५ हजार लिटर बदलायला साडेसहा इंच लागतात, आणि तुमच्याकडे ऑक्टोबरपर्यंतचा वेळ आहे. जेवढं येणार तेवढंच आधी काढत जा. नळाचं पाणी पूलला लावू नका. उजनीचं पाणी बोअरपेक्षा मऊ आहे खरं, पण ज्या गावात नळ काही दिवसांआड येतो तिथे ते मला पटत नाही.

सोरेगावकरीण

साय निघाली. जाळीच्या फटी सोडा, जाळीत अडकलेली हेअरपिन दिसली, ती माझीच निघाली. पीएच ७.४, केएच ६. क्लोरीन मात्र अजून ८ दाखवतो. मुलं रविवारी येतात, उतरवू का?

डाईंगवाला अण्णा

५ च्या खाली येऊ द्या. चार दिवस आहेत, ऊन लागू द्या. सायन्युरिक जास्त आहे म्हणून सावकाश उतरेल. शनिवारपर्यंत नाहीच उतरला तर हायपो घेऊ, पण माप मी सांगतो, अंदाजे टाकू नका, जास्त पडलं तर मग क्लोरीन टिकतच नाही. मुलं असतील तेवढे दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा, क्लोरीन ३ च्या खाली जाऊ देऊ नका. आणि पोरांना डोक्याला तेल चोपडून पाण्यात सोडू नका, आधी साबणाने अंघोळ. तेलाने पाण्याच्या रेषेला परत पट्टा येतो, आणि तो ॲसिडनेही जात नाही.